रानडुकरासाठी कोणती बंदूक? आधी सांगा, गोळी थांबणार कुठे

मक्याच्या कणसात दाणे भरू लागले, भुईमुगाच्या शेंगा पोसू लागल्या, की सोलापूर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर रात्रीची झोप उडते. सकाळी वावरात जाऊन बघावं तर मक्याची ताटं आडवी झालेली, कणसं अर्धवट चावून टाकलेली आणि भुईमुगाच्या ओळी मुळासकट उकरलेल्या. महिनोनमहिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीत जाते. मग पारावर विषय निघतो: "एकदाची रायफल घेऊन टाकू. स्वस्तातली कोणती मिळेल? बोअर कुठला घ्यावा?"

रागाच्या भरात विचारला तरी प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर पदार्थविज्ञानात आहे, प्राणिशास्त्रात आहे आणि कायद्याच्या पुस्तकातही आहे. गोची एवढीच, की आपण उलट्या टोकापासून सुरुवात करतो. बोअर हा शेवटचा प्रश्न. त्याआधी विचारायचं, की मारायची परवानगी आहे का, आणि झाडलेली गोळी कुठे जाऊन थांबणार? सोलापूरच्या सपाट माळरानावर हा दुसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

उसाने दिलेला आसरा

सोलापूर हा मुळात ज्वारीचा, कमी पावसाचा, उघड्या गवताळ माळांचा जिल्हा. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं ते याच माळरानासाठी. सुरुवातीला त्याचं क्षेत्र कागदोपत्री तब्बल 8,496 चौरस किलोमीटर होतं. 2012 मध्ये ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक ही या माळाची मूळ मंडळी.

रानडुकराला मात्र लपायला दाट आडोसा लागतो आणि लोळायला चिखल. त्याच्या अंगाला घामाने थंडावा मिळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात चिखलात लोळणं ही त्याची शारीरिक गरज असते. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, कालव्यांचं पाणी फिरलं, पाठोपाठ साखर कारखाने उभे राहिले आणि आडोसा व ओल या दोन्ही गोष्टी शेतातच तयार झाल्या. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. एवढा काळ कुणी फारसं आत शिरत नाही, पाटाचं पाणी जवळ असतं आणि बांधापलीकडे मका, भुईमूग, हरभरा असतो. जंगल नसलेल्या जिल्ह्यात रानडुकराला जंगल मिळालं ते असं.

त्यात त्याचं प्रजनन झपाट्याचं. मादीचा गर्भकाळ साधारण 115 दिवसांचा, आणि एका वेताला चार ते सहा पिल्लं होतात. मोठे शिकारी प्राणी फारसे नसलेल्या मुलखात एवढी पिल्लं जगली, तर दोन-तीन वर्षांत कळप कुठल्या कुठे जातो. कळप माद्यांचा आणि पिल्लांचा असतो. मोठा नर बहुतेक वेळ एकटा फिरतो. हा तपशील ध्यानात ठेवायला हवा, कारण बंदुकीने डुकरांची संख्या कमी होते की नाही, हे त्यावर ठरतं.

कातडीखालचं चिलखत

मोठा नर शंभर किलोच्या घरात सहज जातो. त्याचं अंग जवळून पाहिलं तर सगळ्यात आधी राठ, केसाळ आयाळ दिसते. ती मानेपासून पाठीपर्यंत उभी राहते आणि त्यामुळे जनावर आहे त्याहून उंच वाटतं. खालच्या जबड्यातले सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासले जातात आणि त्यांची धार कायम राहते. खरी गोष्ट मात्र कातडीखाली असते. खांद्यापासून बरगड्यांपर्यंत घट्ट, चिवट ऊतीचा जाड थर असतो. माजावरच्या माद्यांसाठी नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांचे वार झेलायला निसर्गाने दिलेलं हे चिलखत आहे. वयाबरोबर ते जाड होत जातं. वरून वाळलेल्या चिखलाचा लेप असतो तो वेगळाच.

शिवाय डुकराचं हृदय छातीत बरंच खाली आणि पुढे, पुढच्या पायांच्या मधोमध असतं. पाठीच्या रेषेत दिसणारी वरची काही इंच उंची निव्वळ केसांची असते आणि मणका त्याच्या बराच खाली असतो. अंधारात बॅटरीच्या उजेडात अंदाजाने "मध्यावर" मारलेली गोळी त्यामुळे पोटात किंवा मर्माच्या वरून जाते. जनावर पडत नाही, जखमी होऊन उसात शिरतं. गळीत हंगामात त्याच फडात पहाटे ऊसतोड टोळी शिरणार असते. पुढे-मागे लेकरं असतात, बैल असतात. जखमी रानडुक्कर किती धोक्याचं असतं हे सांगायला शिकारीच्या पुस्तकांची गरज नाही, ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टरही सांगतील.

म्हणूनच हत्याराची ताकद पुरेशी हवी हे शिकाऱ्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. कमी ताकदीच्या हत्याराने मारणं क्रूरपणाचं आहे आणि धोक्याचंही.

ऊर्जेचा हिशेब

गोळीची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे. वस्तुमान दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट.

एअरगनपासून सुरुवात करू. साडेचार मिलिमीटरची, परवान्याशिवाय मिळणारी एअरगन वीस ज्यूलच्या आतली असते. रानडुकराच्या चिलखतावर तिचा उपयोग शून्य, आणि वन्यप्राण्यावर झाडली तर गुन्हा मात्र पुरेपूर. नेमबाजीच्या सरावाची .22 रायफल अडीच ग्रॅमच्या आसपासची गोळी फेकते. तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आगेमागे असते. कागदी लक्ष्यासाठी ती उत्तम, डुकरासाठी साफ चुकीची.

बाराबोर ही गावाकडे सगळ्यात ओळखीची. नळीचा आतला व्यास साडेअठरा मिलिमीटर असतो आणि आतून ती गुळगुळीत असते. तिचा परिणाम पूर्णपणे काडतुसावर ठरतो. पाखरं मारायच्या बारीक छर्र्यांनी डुकराची कातडी फक्त सोलवटते. 'एसजी' काडतुसातले छर्रे साडेआठ मिलिमीटरच्या जवळपासचे, प्रत्येकी साडेतीन ग्रॅमचे. ऐकायला जबर वाटतात, पण एकेकट्या छर्र्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशी अडीचशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे .22 च्या गोळीच्या दुपटीहूनही कमी असते. त्यातच छर्रे पसरत जातात. पंचवीस-तीस पावलांपलीकडे एखाद-दुसराच लागतो आणि तोही चिलखतात अडकतो. याच बाराबोरमधून 28 ग्रॅमची एकच गोळी सेकंदाला पावणेपाचशे मीटर वेगाने सुटली, तर ऊर्जा तीन हजार ज्यूलपार जाते. हत्यार तेच, काडतूस बदललं की फरक बारापटीचा.

आता रायफली. सरकारी आयुध कारखान्यांची .315 ही आपल्याकडची जुनी, तुलनेने परवडणारी रायफल. तिची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची, वेग सेकंदाला सहाशे मीटरहून थोडा जास्त आणि ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या आसपास. .30-06 ची साडेअकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला आठशे मीटरपेक्षा जास्त वेगाने सुटते आणि जवळपास चार हजार ज्यूल घेऊन जाते.

आकडे पाहिले तर एकगोळी बाराबोर, .315 आणि .30-06 या तिन्हींची ताकद रानडुकरासाठी पुरेशी ठरते. मग फरक कशात? सरळ उडण्यात. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते. .30-06 मध्ये हा वेग सेकंदाला तीन हजार फेऱ्यांच्या वर जातो. या फिरण्यामुळे गोळीचं टोक पुढेच राहतं आणि हवेत ती डळमळत नाही. गुरुत्वाकर्षण मात्र कुणालाच सोडत नाही. शंभर मीटर जाईपर्यंत .30-06 ची गोळी नळीच्या रेषेपासून सुमारे आठ सेंटिमीटर खाली येते, .315 ची पंधराच्या आसपास, आणि बाराबोरची एकगोळी फूटभर. गुळगुळीत नळीतली गोळी चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच भरवशाची, हे त्यामुळेच.

पळत्या डुकराचं गणित आणखी बिकट असतं. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने धावणारं डुक्कर पाव सेकंदात पावणेतीन मीटर पुढे जातं. शंभर मीटर अंतर कापायला बाराबोरच्या गोळीला साधारण तेवढाच वेळ लागतो. गोळी पोचेपर्यंत डुक्कर तिथे नसतंच.

.315 हाच आकडा का?

भारतात .315 बोअर इतका रुळला याचं कारण शिकारीत नाही, इंग्रजांच्या धास्तीत आहे. सैन्याच्या बंदुकीत बसणारी काडतुसं बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने लष्करी बोअर नागरिकांना बंद केले. 1907 मध्ये तर .450 बोअरच्या रायफलींवरही बंदी आली. मग बंदूक बनवणाऱ्यांनी बंदीच्या चौकटीबाहेरचे बोअर काढले. .315 त्यातलाच. मूळ काडतूस ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलीचं, आठ मिलिमीटरचं. या बोअरमध्ये ब्रिटिश लष्कराचं काडतूस बसत नाही, म्हणून तो नागरिकांना चालला.

स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने .315 ची परंपरा पुढे नेली. तिच्या काडतुसाचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. पितळी काडतूस उलटं धरून बुडाची कड पाहिली की तिथे 'के' आणि 'एफ' ही दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. हा कारखाना 1869 पासूनचा. देशातल्या बाराबोरवाल्यांना ओळखीची 'शक्तिमान' काडतुसंही खडकीचीच. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या गेल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया ही कंपनी पुण्यात आहे.

लष्करी बोअरवरची बंदी आजही कायम आहे. .303 आणि 7.62 मिलिमीटर हे बोअर सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध आहेत. बाराबोर, .22, .315 आणि .30-06 हे परवान्यावर मिळू शकणारे. त्यामुळे यूट्यूबवर टेक्सासचे शिकारी सांगतात ती रायफलींची लांबलचक यादी आपल्या कामाची नाही. तिथली डुकरं बाहेरून आणलेली, माजलेली, आणि रान बहुतेक खासगी. इथे रानडुक्कर हा मूळचा, कायद्याने संरक्षित प्राणी आहे.

इंग्रजांच्या काळात दख्खनमध्ये डुकराची शिकार घोड्यावरून भाल्याने होई. मुंबई इलाख्यातला भाला लांब आणि हलका असे आणि तो खालून पुढे रोखत. बंगालचा भाला आखूड आणि जड. जिथे घोडा दौडू शकतो अशा मुलखात डुकरावर गोळी झाडणं त्या मंडळींना कमीपणाचं वाटे. त्यामागे साहेबी ऐट होती हे खरंच, पण सपाट, मोकळ्या रानात भाल्याची एक गोष्ट बंदुकीला कधीच जमली नाही: भाला फेकला नाही तर हातातच राहतो.

गोळी थांबते कुठे?

अनुकूल कोनात सुटलेली .30-06 ची गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. नेमबाजीतली बारकी .22 सुद्धा दीड किलोमीटर गाठते. 'एसजी'चे छर्रे सहाशे-सातशे मीटर जातात, बाराबोरची एकगोळी किलोमीटरभर. जंगलात, डोंगरउतारावर गोळी अडवायला मागे टेकाड असतं. माढ्याच्या किंवा मोहोळच्या माळावर मागे काय असतं? वस्ती, गोठा, रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला उभा असलेला शेजारी आणि त्यापलीकडे रस्ता. महावितरणची वीज शेतीला अनेकदा रात्रीच मिळते आणि डुकरंही रात्रीच येतात. म्हणजे रानात माणूस आणि जनावर एकाच वेळी, अंधारात.

थोडी भूमिती मांडू. डुक्कर तीस मीटरवर आहे आणि गोळी त्याच्या छातीशी, जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरवर लागायला हवी. तुम्ही उभे आहात आणि नळी जमिनीपासून 1.4 मीटरवर आहे. नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती डुकराच्या मागे बारा मीटरवर जमिनीला लागेल, आणि तीही दोन अंशांपेक्षा कमी कोनात. इतक्या सपाट कोनात मुरमावर किंवा बेसाल्टच्या खडकावर लागलेली गोळी जमिनीत रुतत नाही, उसळून पुढे जाते, आणि कुठल्या दिशेने ते कुणी सांगू शकत नाही.

आता तेच चार मीटर उंच माळ्यावरून, पंचवीस मीटरवरच्या डुकरावर झाडलं तर? कोन आठ अंशांवर जातो आणि गोळी डुकराच्या मागे तीन मीटरच्या आतच जमीन गाठते. नांगरलेल्या काळ्या मातीत ती रुतण्याची शक्यता कितीतरी वाढते. ज्वारीची पाखरं राखायला आपल्याकडे माळा असतोच. गोफण घेऊन त्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्याला जमिनीपासूनच्या उंचीचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही. बंदुकीच्या बाबतीत हीच उंची शेजाऱ्याचा जीव वाचवते. खडकाळ जमिनीवर मात्र हाही भरवसा अपुरा. आणि पिकाच्या आड हललेल्या सावलीवर कुठल्याही उंचीवरून झाडू नये, मग ते डुक्करच आहे अशी कितीही खात्री वाटो.

म्हणून सोलापुरात जास्त ताकदीची, लांब पल्ल्याची रायफल 'चांगली' ठरत नाही. जिचा पल्ला कमी, जी जवळून, वरून खाली आणि एकच गोळी पक्की टाकते, ती इथल्या रानाला जास्त मानवते. ही वर्णनं एकगोळी बाराबोरला लागू पडतात. .315 आणि .30-06 या अनुभवी, अधिकृत नेमबाजाच्या हातातल्या गोष्टी, मागे भक्कम आडोसा असेल तेव्हाच्या. डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला ठार मारलं गेलं तेही वन विभागाच्या लेखी आदेशानंतर, नेमलेल्या नेमबाजाकडून. गावकऱ्यांच्या हातातल्या हत्यारांनी नाही.

आणखी एक विसरली जाणारी बाब कानांची. रायफलीचा बार नळीच्या तोंडाशी दीडशे डेसिबलच्या वर जातो. कान झाकले नसतील तर एकाच बाराने ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं.

परवाने दोन, एक नाही

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. बंदूक बाळगण्याचा परवाना आणि डुक्कर मारण्याची परवानगी या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला विषय शस्त्र कायदा, 1959 चा. ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी आणि सोलापूर शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. या कायद्याचं कलम 13 पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक गृहीत धरतं. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, तीही किमान वीस इंच नळीची. म्हणजे पिकासाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याला कायदा रायफलीकडे नेतच नाही, बाराबोरपर्यंतच आणतो. योगायोग म्हणा की शहाणपण म्हणा, वरच्या भूमितीचा निष्कर्ष हाच. 2016 च्या नियमांनी शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण घेणं बंधनकारक केलं. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त शस्त्रं नकोत असं ठरवलं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, मग शेतात कणसं भरलेली का असेनात.

दुसरा विषय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचा मार्ग बंदच झाला. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं, 2022 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आलं. कलम 11 नुसार एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो, तीही ठरवून दिलेल्या क्षेत्रापुरती. अशा परवानगीने मारलेलं डुक्कर कायद्याने सरकारचं होतं. मटणाचा हिशेब धरून कुणी अर्ज करत असेल तर तो तिथेच संपतो.

काही राज्यांनी पुढचं पाऊल टाकलं. 2015-16 मध्ये केंद्राने बिहार आणि उत्तराखंडच्या काही भागांत रानडुकराला ठरावीक काळापुरतं उपद्रवी घोषित केलं. केरळने 2022 मध्ये डुक्कर मारण्याच्या परवानगीचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवले. यातून रानडुकरांचा प्रश्न मिटला असं अजून कुठेच झालेलं नाही.

मारून संख्या घटते का?

थोडी मारली तर नाही. दरवर्षी कळपाचा मोठा हिस्सा काढला गेला नाही, तर उरलेल्या माद्या तूट भरून काढतात. ईशान्य फ्रान्समधल्या एका जंगलात जोरदार शिकार होत असलेल्या रानडुकरांचा दोन दशकांहून जास्त काळ अभ्यास झाला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत पिल्लं जन्मण्याचा काळ सुमारे बारा दिवसांनी अलीकडे सरकल्याचं आढळलं. लवकर जन्मलेल्या माद्या शिकारीचा हंगाम संपेपर्यंत वयात येतात आणि मरण्याआधी एकदा वितात. शिकारीच्या दडपणाने निसर्गाने लवकर वयात येणाऱ्यांना निवडलं.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या संवर्धन विभागाने 2016 मध्ये आपल्या ताब्यातल्या जमिनींवर रानडुकरांच्या हौशी शिकारीलाच बंदी केली. त्यांचा अनुभव असा, की शिकारी कळपातली एक-दोन मारतात, बाकीची पांगतात, नव्या भागात जातात आणि सापळ्यांना बुजतात. त्याऐवजी मोठ्या जाळीच्या वाड्यात आमिष ठेवून अख्खा कळप एकदम धरला तर उपयोग होतो. आपल्याकडेही एकट्याने रात्री केलेला बार कळप शेजारच्या बांधावर ढकलतो. आपलं वावर वाचतं, शेजाऱ्याचं जातं.

स्वस्त आणि भरवशाचं काय?

या प्रश्नाचं उत्तर कुंपणात आहे, आणि तिथेही पुन्हा ज्यूल मोजावे लागतात. सौर कुंपणाचं यंत्र सेकंदाला साधारण एक झटका देतं. व्होल्टेज हजारोंत असतं, पण झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ टिकतो. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार एका झटक्याची ऊर्जा पाच ज्यूलच्या वर जाऊ द्यायची नाही. डुकराच्या ओल्या नाकाला तो असा बसतो की पुन्हा तिकडे येताना ते दहादा विचार करतं, पण मरत नाही. तार जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर हवी, कारण डुक्कर उडी मारत नाही, खालून मुसंडी मारतं. तारेखालचं गवत काढत राहिलं नाही तर झटका गवतातून जमिनीत जातो आणि कुंपण निकामी होतं.

याच्या अगदी उलट खेळ म्हणजे घरगुती 230 व्होल्टची वीज थेट तारेत सोडणं. ती झटका देऊन थांबत नाही, धरून ठेवते. अशा तारांनी शेजाऱ्याचा, रखवालदाराचा, कधी तार लावणाऱ्या शेतकऱ्याचाच घात केला आहे. हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याला कुठलीही सबब चालत नाही. पिठात दडवलेले गावठी बॉम्ब आणि तारेचे फास यांचंही तेच. त्यात गाय-बैल, कुत्री, लांडगेही सापडतात.

सोलापूरच्या शेतीत याचं एक जुनं उत्तर आधीच होतं. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरायच्या. पक्वतेला आलेल्या करडईचे काटे जनावराला आत शिरू देत नाहीत, वर तेलबियांचं उत्पन्न मिळतं. करडई मागे पडली, ऊस आला आणि बांध उघडे झाले. भुईमूग किंवा हरभऱ्याच्या कडेला करडईच्या चार ओळी आणि सोबत सौर तार, ही जोड अनेक ठिकाणी पुरेशी ठरते.

मग निवड काय?

पहिला पैसा बंदुकीवर घालू नका. सौर कुंपण आणि करडईची कड यांवर घाला. डुकराने नुकसान केलं की लगेच फोटो काढा, कृषी विभागाचा कर्मचारी आणि वनरक्षक यांच्याकडून पंचनामा करून घ्या आणि वन विभागाकडे भरपाईचा अर्ज द्या. पुढच्या परवानगीच्या अर्जाला हेच पंचनामे आधार ठरतात. कुंपण असूनही त्रास थांबत नसेल, तर एकट्याने नव्हे, गावाने मिळून वन परिक्षेत्र अधिकाऱ्याकडे कलम 11 खाली अर्ज करा आणि काम प्रशिक्षित नेमबाजाकडे सोपवण्याची मागणी करा.

आणि परवान्याने बंदूक घ्यायचीच असेल, तर सोलापूरच्या सपाट रानासाठी शास्त्राचं उत्तर स्पष्ट आहे: गुळगुळीत नळीची बाराबोर, छर्रे नव्हे तर एकगोळी काडतूस, चाळीस मीटरच्या आत, माळ्यावरून खाली, आणि मागे मऊ माती दिसत असेल तरच. लक्ष्य ओळखता येत नसेल, मागे वस्ती असेल किंवा जमीन खडकाळ असेल, तर त्या रात्री घोड्यावर बोट ठेवू नका. डुक्कर उद्या परत येईल, पीक पुढच्या हंगामात परत घेता येईल, भरपाईचा अर्जही करता येईल. नळीतून सुटलेली गोळी मात्र परत बोलावता येत नाही.